आधी जोड, मग सील, मग इन्सुलेशन : अमेरिकेतल्या घरातल्या डक्टचं काम क्रमाने

डॅलसमध्ये जुलैत वरच्या मजल्यावरची बेडरूम थंड होत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जानेवारीत गॅरेजवरची खोली गरम होत नाही. अशा वेळी बरीच मंडळी इन्सुलेशनची गुंडाळी आणतात, ॲटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) चढतात, डक्टवर, म्हणजे गरम-थंड हवा खोल्यांत नेणाऱ्या नळांवर, आणखी एक थर देतात आणि खाली येतात. खोली मात्र तशीच राहते.

याचं कारण साधं आहे. फायबरग्लास उष्णता अडवतं, हवा अडवत नाही. जोड उघडा असेल तर पैसे मोजून थंड केलेली हवा त्या पिवळ्या लोकरीतून आरपार निघून जाते. एनर्जी स्टार या सरकारी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा भोकं, फटी आणि सुटलेले जोड यांतून वाया जाते. ही गळती इन्सुलेशनखाली झाकली की पुढे ती शोधणं आणखी अवघड होतं.

म्हणून या लेखात क्रमावर भर आहे: आधी जोड पक्के करायचे, मग सील करायचे, सुकू द्यायचं, तपासायचं आणि त्यानंतरच इन्सुलेशन. हे सगळं स्वतःच्या मालकीच्या, सेंट्रल एसी किंवा फर्नेस (हवा तापवणारी भट्टी) असलेल्या घरासाठी आहे. भाड्याने राहत असाल तर फिल्टर आणि रजिस्टर (खोलीत हवा सोडणारी जाळी) एवढंच तुमच्या हातात आहे. बाकीची तक्रार घरमालकाकडे लेखी करा.

## टप्पा १ : डक्ट कुठून जातात ते कागदावर काढा

टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा इथल्या बहुतेक घरांना बेसमेंट नसतं. एअर हँडलर (डक्टमध्ये हवा ढकलणारं मुख्य यंत्र) आणि सगळे डक्ट ॲटिकमध्ये असतात, आणि तेही बहुधा लवचिक: आत प्लास्टिकची नळी, तिच्याभोवती फायबरग्लास आणि बाहेर चंदेरी, काळं किंवा करडं आवरण. न्यू जर्सी, मिशिगन, इलिनॉय किंवा टोरांटोकडच्या घरात फर्नेस बेसमेंटमध्ये असते आणि तिथून पत्र्याचा मुख्य डक्ट निघतो. जॉर्जिया आणि दोन्ही कॅरोलायनांत क्रॉलस्पेसमधून (घराखालच्या बुटक्या पोकळीतून) जाणारे डक्टही भरपूर सापडतात.

हा फरक महत्त्वाचा आहे. डक्ट घराच्या गरम-थंड केलेल्या भागातच असेल, उदाहरणार्थ वापरातल्या बेसमेंटमध्ये, तर निसटलेली हवा निदान घरातच राहते. तिथे सील करणं उपयोगाचं, पण इन्सुलेशनवर खर्च करण्याची घाई नको. डक्ट ॲटिकमध्ये, गॅरेजमध्ये किंवा उघड्या क्रॉलस्पेसमध्ये असेल तर दोन्ही कामं लागतात आणि तुमचा पहिला शनिवार तिथेच घालवावा.

कागदावर घराचा आराखडा काढा. हवा सोडणारं प्रत्येक रजिस्टर आणि हवा परत ओढणारी प्रत्येक रिटर्न जाळी खूण करून दाखवा. कुठलं रजिस्टर एअर हँडलरपासून किती लांब आहे तेही लिहा. रिटर्नकडे कुणी लक्ष देत नाही, पण उन्हाळ्यात ॲटिकमधल्या रिटर्नला फट असेल तर एसी तिथली तापलेली, धुळकट हवा थेट आत ओढतो. पुरवठ्याच्या डक्टला गळती असेल तर पैसे जातात. रिटर्नला असेल तर पैशांबरोबर घरातली हवाही बिघडते.

## टप्पा २ : हात लावण्याआधीची तपासणी

या टप्प्यावर थांबायची वेळ आली तर खरंच थांबा.

घर १९८० च्या आधीचं असेल आणि डक्टच्या जोडांवर पांढरट, कागदासारखा टेप किंवा नालीदार पुठ्ठ्यासारखं पांढरं-करडं आवरण असेल, तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडू नका, फाडू नका, त्याच्यावर स्क्रू मारू नका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घ्या. नमुनाही प्रशिक्षित माणसालाच घेऊ द्या.

ॲटिकच्या जमिनीवर करड्या-तपकिरी, चमकदार, पापुद्र्यांच्या खड्यांसारखं सुटं इन्सुलेशन दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट आहे. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून जास्त मोंटानातल्या लिबी इथल्या एका खाणीतून आलं आणि त्या खाणीत ॲस्बेस्टॉसही होतं. त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच गृहीत धरा, अशी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची सूचना आहे. अशा ॲटिकमध्ये हे काम स्वतः करू नका.

आता ॲटिकमध्ये वावरण्याबद्दल. पाय फक्त लाकडी जॉइस्टवर, म्हणजे आडव्या वाशांवर ठेवायचा. दोन जॉइस्टमध्ये खाली फक्त ड्रायवॉल (जिप्समचा पातळ बोर्ड) असतं आणि ते माणसाचं वजन पेलत नाही. प्लायवुडचे दोन तुकडे वर न्या आणि आळीपाळीने पुढे सरकवत बसायची जागा तयार करा. डोक्यावर छपराचे खिळे आत आलेले असतात, म्हणून टोपी किंवा हेल्मेट घाला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क हवाच.

सावधान: दक्षिणेकडच्या राज्यांत उन्हाळी दुपारी ॲटिकचं तापमान १२० अंश फॅरनहाइटच्या पुढे जातं. हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्चमध्ये करा. उन्हाळ्यातच करावं लागलं तर पहाटे चढा, खाली कुणीतरी जागं असू द्या आणि डोकं जड वाटताच उतरा.

## टप्पा ३ : साहित्य, आणि कुठलं साहित्य घ्यायचं नाही

मुख्य साहित्य म्हणजे पाण्यात मिसळणारं डक्ट मस्टिक, फटी बुजवायची लुगदी. छोट्या बादलीत मिळतं, श्रीखंडासारखं दाट असतं आणि स्वस्त ब्रशने लावता येतं. बादलीवर ‘यूएल १८१’ (डक्टच्या साहित्यासाठीचं चाचणी-मानक) असं लिहिलेलं पाहूनच घ्या. त्यासोबत फायबरग्लासची जाळीदार पट्टी, यूएल १८१ छाप असलेला फॉइल टेप, पत्र्याचे स्क्रू, नायलॉनचे रुंद झिप टाय आणि ते ताणून घट्ट करायचं हत्यार, डक्ट टांगण्यासाठी दीड इंच किंवा त्याहून रुंद पट्टा. इन्सुलेशनसाठी एका बाजूला फॉइल असलेली फायबरग्लासची डक्ट गुंडाळी.

यूएल १८१ मध्येही दोन प्रकार आहेत: ‘ए’ फायबरग्लासच्या कडक बोर्डच्या डक्टसाठी, ‘बी’ लवचिक डक्टसाठी. टेपवर हे अक्षर छापलेलं असतं; आपल्या डक्टशी जुळवून घ्या.

कापडी डक्ट टेप घेऊ नका. नाव काहीही असो, तो डक्टवर टिकत नाही. १९९८ मध्ये लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने वेगवेगळे टेप आणि सीलंट डक्टच्या जोडांवर लावून, ते वारंवार तापवून-थंड करून पाहिले. त्यांत रबरी चिकटीचा कापडी टेपच नापास झाला. तुमच्या ॲटिकमध्ये सुकून कुरकुरीत झालेली, टोकं सुटलेली करडी पट्टी दिसली तर ती तीच.

दुसरी टाळायची गोष्ट म्हणजे हवेच्या फुग्यांची चंदेरी गुंडाळी. जाहिरातीत आकडे मोठे असतात, पण ते डक्ट आणि गुंडाळी यांच्यात ठरावीक मोकळी जागा सोडली तरच लागू होतात. नुसती डक्टवर घट्ट गुंडाळली तर तिचा आर आकडा (उष्णता अडवण्याचं माप; जितका मोठा तितकं चांगलं) १ च्या आसपासच राहतो.

## टप्पा ४ : आधीचे आकडे लिहून ठेवा

ही पायरी लोक वगळतात आणि मग काम झाल्यावर फरक पडला की नाही हे सांगता येत नाही.

१. फिल्टर बदला. घाण फिल्टरवर घेतलेलं कुठलंही माप खोटं असतं.

२. सगळी रजिस्टर पूर्ण उघडा. एसी किंवा हीट निदान १५ मिनिटं सलग चालू द्या.

३. साध्या डिजिटल थर्मामीटरने प्रत्येक रजिस्टरच्या तोंडाशी तापमान घ्या आणि आराखड्यावर लिहा. एअर हँडलरजवळच्या आणि सगळ्यात लांबच्या रजिस्टरमध्ये मोठा फरक दिसला तर त्या वाटेवर गळती किंवा कमी इन्सुलेशन आहे, किंवा डक्ट दबला आहे.

४. थर्मोस्टॅटवर पंखा सतत चालू ठेवा आणि डक्टच्या वाटेने प्रत्येक जोडाशी टिश्यू पेपरची पातळ पट्टी धरा. पुरवठ्याच्या बाजूला पट्टी उडते, रिटर्नच्या बाजूला आत ओढली जाते. ओल्या हाताची मागची बाजूही बारीक झुळूक ओळखते.

५. जुन्या इन्सुलेशनवर काळपट डाग शोधा. तिथून बरीच वर्षं हवा गळते आहे आणि लोकर तिच्यातली धूळ गाळते आहे, असं समजा. कितीतरी वेळा हा डागच सगळ्यात स्पष्ट पुरावा असतो.

सावधान: बेसमेंटमध्ये काही जण उदबत्तीच्या धुराने गळती शोधतात. ॲटिकमध्ये हे अजिबात करू नका. इन्सुलेशनचा कागदी पदर पेट घेतो. गॅसच्या उपकरणांजवळही नको.

अचूक आकडा हवा असेल तर एनर्जी ऑडिट करणाऱ्याला बोलवा. तो रजिस्टर झाकून डक्टमध्ये २५ पास्कल दाब तयार करतो आणि किती हवा निसटते ते मोजतो. २०१२ नंतरच्या ऊर्जा संहितेत (घरांच्या ऊर्जा-बचतीच्या बांधकाम नियमांत) नव्या डक्टसाठी दर १०० चौरस फुटांमागे मिनिटाला ४ घनफूट ही मर्यादा आहे. म्हणजे २,४०० चौरस फुटांच्या घराला ९६ घनफूट. जुन्या घराला एवढं गाठणं अवघड असतं, पण आपण कुठे आहोत ते कळतं. वीज-गॅस पुरवणाऱ्या अनेक कंपन्या अशा तपासणीवर सवलत देतात; आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहा.

## टप्पा ५ : जोड यांत्रिकपणे पक्के करा

मस्टिक फट बुजवतं, वजन पेलत नाही. सुटा जोड नुसत्या मस्टिकने चिकटवला तर पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा उघडतो.

पत्र्याचा गोल डक्ट असेल तर प्रत्येक जोडाला समान अंतरावर किमान तीन स्क्रू हवेत. एक टोक दुसऱ्यात निदान इंचभर आत गेलेलं असावं.

लवचिक डक्टमध्ये जास्त चुका होतात, म्हणून तिथे सावकाश जाऊया. बाहेरचं आवरण आणि लोकर मागे सारा. आतली नळी पत्र्याच्या गळ्यावर (नळी जिच्यावर बसते त्या गोल पत्र्याच्या तोंडावर) इंचभर तरी पुढे चढवा. मस्टिक किंवा योग्य टेप लावा, मग झिप टाय हत्याराने ताणून घट्ट करा. नुसत्या हाताने ओढलेला टाय पुरत नाही. त्यानंतर लोकर परत पुढे आणून पत्रा पूर्ण झाका, बाहेरचं आवरण ओढून घ्या आणि त्यावर दुसरा टाय लावा.

नेहमी दिसणारी चूक म्हणजे टेप फक्त बाहेरच्या आवरणावर असतो आणि आतली नळी गळ्यावरून निसटलेली असते. बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं आणि निम्मी हवा ॲटिकमध्ये जाते. तुमची एखादी खोली कायमच रुसलेली असेल तर तिच्या डक्टची दोन्ही टोकं उघडून हेच आधी पाहा.

जास्तीची लांबी कापून टाका. सैल सोडलेल्या नळीच्या आत चुण्या पडतात आणि हवेचा वेग मरतो. डक्ट ताणलेला, सरळ आणि दर ४ फुटांवर टांगलेला हवा. दोन आधारांमध्ये झोळ फुटामागे अर्ध्या इंचाहून जास्त नको, म्हणजे ४ फुटांत २ इंच. वळण घ्यायचं तर त्याची त्रिज्या डक्टच्या व्यासापेक्षा कमी नको. टांगायला तार किंवा दोरी वापरू नका. ती नळीत रुतते.

तपासा: डक्टचं बाहेरचं आवरण हाताला तुकड्यांत सुटून येतं का? तसं असेल तर ती वाट दुरुस्त करू नका, डक्टच बदला. १९८० च्या दशकातले करडे डक्ट बऱ्याचदा असे विरलेले सापडतात.

## टप्पा ६ : सील करा, हवेच्या दाबाच्या क्रमाने

आधी थर्मोस्टॅट बंद करा, मग युनिटजवळचा स्विच आणि ब्रेकरही बंद करा.

एअर हँडलरपासून सुरुवात करा, कारण दाब तिथे सगळ्यात जास्त असतो. तिथली पाव इंचाची फट लांबच्या खोलीजवळच्या पाव इंचापेक्षा कितीतरी जास्त हवा सोडते. लोक मात्र हात पोहोचतो तिथून सुरुवात करतात आणि अवघड कोपऱ्यातला मोठा पेटीवजा डक्ट, ज्याला प्लेनम म्हणतात, तो राहून जातो.

१. प्लेनम आणि युनिट यांच्यातला जोड, प्लेनमचे कोपरे.

२. मुख्य डक्टचे आडवे जोड. उभ्या शिवणी सहसा घट्ट असतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

३. मुख्य डक्टमधून शाखा फुटते ती जागा.

४. रिटर्न. जुन्या घरात दोन जॉइस्टमध्ये पत्रा ठोकून रिटर्न बनवलेला असतो. त्याच्या कडा, टोकं आणि आतून गेलेल्या वायरींची भोकं, सगळं सील करावं लागतं. हे काम किचकट आहे, पण वेळ द्यावा असंच आहे.

५. छताला किंवा जमिनीला रजिस्टरजवळ असलेला पत्र्याचा बूट, म्हणजे डक्ट रजिस्टरला जोडणारी पेटी.

पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसा, कोरडा होऊ द्या. धुळीवर मस्टिक धरत नाही. फट पाव इंचाहून कमी असेल तर नुसतं मस्टिक चालतं. त्याहून मोठी असेल तर आधी जाळीदार पट्टी, मग तिच्यावर मस्टिक, इतकं की जाळी दिसू नये. हाताची बोटं जातील एवढं भोक असेल तर पत्र्याचा तुकडा स्क्रूने बसवा आणि मग कडा सील करा. थर साधारण २ मिलिमीटर, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याच्या जाडीचा आणि फटीच्या दोन्ही बाजूंना इंचभर पसरलेला हवा. पातळ रंग मारल्यासारखं मस्टिक सुकताना भेगाळतं.

बुटाचं काम खोलीतून करा. रजिस्टरचे स्क्रू काढा. पत्रा आणि ड्रायवॉल यांच्यामध्ये फट दिसेल. ती मस्टिकने किंवा कॉकने (फट भरायच्या पेस्टने) भरा. एवढ्याशा फटीतून थंड हवा थेट ॲटिकमध्ये निघून जाते. या कामाला ॲटिकमध्ये चढावंही लागत नाही, म्हणून सगळ्या रजिस्टरांना एका दुपारी करून टाका.

मस्टिक कुठे लावायचं नाही: फिल्टरची खाच, पंख्याचं दार, कॉइलचं (हवा थंड करणाऱ्या नळ्यांचं) झाकण, पाणी वाहून नेणाऱ्या नळीचं तोंड, युनिटवरचं माहितीचं लेबल. जिथे पुढे उघडावं लागेल तिथे काढता येईल असा फॉइल टेप. आणि गॅस फर्नेसची धुराची नळी व तिला हवा देणारी छिद्रं यांना हातही लावू नका.

सावधान: डक्टचं काम केलं त्याच खोलीत गॅस फर्नेस किंवा वरून धूर जाणारा जुन्या पद्धतीचा गॅस वॉटर हीटर असेल तर डक्ट सील केल्यावर त्या खोलीतला हवेचा दाब बदलतो. नळीतून वर जायचा धूर उलटा घरात येऊ शकतो. काम झाल्यावर एचव्हीएसी (एसी-हीटिंगच्या) तंत्रज्ञाकडून ज्वलनाची सुरक्षा तपासून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवा, आणि हे काम सुरू करण्याच्या आधीच हवा.

## टप्पा ७ : सुकू द्या, पुन्हा तपासा

बादलीवर लिहिलेला वेळ पाळा. साधारण २४ तास लागतात, गारठ्यात किंवा दमट हवेत जास्त. सुकल्यावर पंखा चालू करून टिश्यूची पट्टी घेऊन तीच फेरी पुन्हा मारा. गळती सापडली तर आत्ताच बुजवा. एकदा इन्सुलेशन चढलं की ती दिसणार नाही.

## टप्पा ८ : आता इन्सुलेशन

२०१८ च्या ऊर्जा संहितेत ॲटिकमधल्या ३ इंच किंवा जास्त व्यासाच्या डक्टला आर-८ सांगितलं होतं. क्रॉलस्पेससारख्या ठिकाणी आर-६; २०२१ च्या संहितेत तिथेही आर-८ आहे. जुन्या घरात अनेकदा आर-४ किंवा त्याहून कमी असतं.

पाकिटावर आर चे दोन आकडे असू शकतात: पाकिटातून काढल्यावरचा आणि बसवल्यावरचा. दुसरा आकडा धरा. गुंडाळी ताणून बांधली की लोकर दबते आणि आकडा घसरतो. साधारण ३ इंच जाडीची गुंडाळी नीट बसवली तर आर-८ च्या जवळ जाते. कापताना डक्टच्या घेराएवढीच कापू नका. लोकरीच्या जाडीमुळे बाहेरचा घेर मोठा होतो. पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे लांबी धरा, पहिला तुकडा बसवून पाहा आणि मगच बाकीचे कापा.

१. फॉइल बाहेर, लोकर डक्टकडे.

२. जोडाला दोन इंच फॉइलचा पदर वर येऊ द्या, स्टेपल मारा, मग पूर्ण लांबीवर फॉइल टेप दाबून बसवा.

३. प्रत्येक स्टेपल, छिद्र आणि फाटलेली जागा टेपने झाका.

४. बूट, कोपरे, शाखेचा गळा उघडे सोडू नका.

या तिसऱ्या मुद्द्यावर ह्यूस्टन, टँपा, अटलांटा इथल्या वाचकांनी थांबावं. एसी चालू असताना डक्टमधली हवा ५५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. आखाताच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात हवेचा दवबिंदू ७० च्या वर असतो. म्हणजे ७० अंशांहून थंड अशा कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. फॉइलचं काम ही दमट हवा आत जाऊ न देण्याचं आहे. एक फाटका कोपरा राहिला तर बाष्प लोकरीतून थंड नळीपर्यंत पोहोचतं, लोकर भिजते, भिजलेली लोकर उष्णता अडवत नाही, मग आणखी पाणी. छतावर रजिस्टरभोवती तपकिरी वर्तुळ दिसलं की लोक छपरावाल्याला बोलावतात. आधी त्या बुटाचं इन्सुलेशन पाहा.

त्याच कारणाने दमट प्रदेशात दोन लवचिक डक्ट एकमेकांना चिकटून ठेवू नका. मधली जागा आणखी थंड होते आणि तिथेच घाम येतो. डक्टवर सुटं इन्सुलेशन टाकून ते पूर्ण पुरायचं असेल तर २०१८ च्या संहितेत या दमट विभागांसाठी पुरवठ्याच्या डक्टला आर-१३ सांगितलं आहे. आर-६ चा डक्ट पुरून टाकू नका.

जुनं इन्सुलेशन ओलं, बुरशीचं किंवा उंदरांनी पोखरलेलं असेल तर त्याच्यावर नवं चढवू नका. काढा, ओल कुठून आली ते शोधा, मग नवं लावा.

सावधान: फर्नेसच्या धुराच्या नळीला इन्सुलेशन टेकू देऊ नका. दुपदरी नळीला सहसा १ इंच अंतर लागतं, एकपदरीला बरंच जास्त. नळीवर छापलेलं अंतर पाळा.

यानंतर टप्पा ४ मधली तापमानं त्याच पद्धतीने पुन्हा घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. बाहेरचं तापमान तेव्हाच्या जवळपास असेल असा दिवस निवडा.

## टप्पा ९ : वर्षभराची देखभाल

फिल्टर महिन्यातून एकदा काढून पाहा. एक इंची फिल्टर सहसा १ ते ३ महिन्यांत बदलावा लागतो. आपल्या घरात रोज फोडणी होते, तळण असतं, संध्याकाळी धूप लागतो. रिटर्नची जाळी स्वयंपाकघराजवळ असेल तर फिल्टरवर तेलकट धूळ लवकर बसते आणि पाकिटावरचे ९० दिवस पुरत नाहीत. फोडणी घालताना चुलीवरचा, बाहेर हवा सोडणारा पंखा लावा. हा एक नेम डक्टसाठी फार चांगला.

फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने, म्हणजे फर्नेस किंवा एअर हँडलरकडे हवा. मर्व्ह (फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचं माप) १३ चा दाट एक इंची फिल्टर प्रत्येक युनिटला झेपत नाही. हवा कमी पडून कॉइलवर बर्फ धरू शकतो. युनिटच्या माहितीपत्रात काय चालतं ते पाहून घ्या. जास्त गाळण हवी असेल तर ४ किंवा ५ इंच जाडीचा फिल्टर बसेल अशी पेटी बसवून घेणं अधिक बरं.

पाहुण्यांच्या खोलीचं रजिस्टर बंद करून पैसे वाचत नाहीत. पंखा हवा ढकलत राहतो, दाब वाढतो आणि उरलेल्या फटींतून गळती वाढते. सोफा किंवा गालिचा रिटर्नवर आलेला नाही ना, हेही पाहा.

ॲटिकमध्ये वर्षातून दोनदा डोकावा, आणि इलेक्ट्रिशियन, केबलवाला किंवा छपरावाला येऊन गेल्यावर हमखास. डक्टवर पाय पडतो, टाय सुटतो आणि कुणी सांगत नाही. उंदरांच्या लेंड्या, चपटा झालेला डक्ट, आवरणावर थेंब, एवढं टॉर्चने पाहायला दहा मिनिटं लागतात.

एसीच्या मोसमात पाणी वाहून नेणारी नळी तुंबली नाही ना ते तपासा. कपडे वाळवायच्या यंत्राची नळी आणि बाथरूमच्या पंख्याची नळी या डक्टपासून पूर्ण वेगळ्या आहेत. त्या कधीही एकमेकांत किंवा ॲटिकमध्ये सोडू नका. दोन्ही थेट घराबाहेर गेल्या पाहिजेत. ड्रायरच्या नळीत आत टोक निघेल असा स्क्रू चालत नाही, तिथे कपड्यांच्या तंतूंचा गठ्ठा अडकतो आणि आग लागू शकते.

## डक्ट साफ करणाऱ्यांचे फोन, आणि कंत्राटदाराला काय विचारायचं

स्वस्तात सगळे डक्ट साफ करून देतो असे फोन तुम्हाला येत असतील. दरवर्षी डक्ट साफ करावेत असं पर्यावरण संरक्षण संस्था सांगत नाही. डक्टमध्ये डोळ्यांना दिसणारी बुरशी, उंदीर-किडे, किंवा रजिस्टरमधून उडणारी भरमसाट धूळ असेल तरच सफाई करावी, असं तिचं म्हणणं आहे. फायबरग्लासचं इन्सुलेशन भिजून बुरशीलं असेल तर ते साफ होत नाही, बदलावंच लागतं. आणि गळका रिटर्न तसाच ठेवून सफाई केली तर तीच धूळ पुन्हा आत येते; म्हणून सीलिंग आधी.

डक्ट भिंतींच्या आत असतील, क्रॉलस्पेस रांगता येणार नाही इतकी बुटकी असेल, किंवा हाताने सगळं सील करूनही चाचणीचा आकडा उतरत नसेल, तर आतून फवारा मारून सील करण्याची पद्धत आहे. ती लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतच विकसित झाली. बारीक फटींवर ती चांगली चालते. सुटलेला जोड किंवा फाटका डक्ट मात्र आधी हाताने दुरुस्त करावा लागतो.

काम बाहेर द्यायचं ठरवलं तर दर विचारण्याआधी हे विचारा: कुठलं मस्टिक वापरणार? लवचिक डक्टची आतली नळी उघडून पाहणार का? बसवल्यावरचा आर आकडा किती असेल? रजिस्टरचे बूटही सील करणार ना? तुमच्या गावात डक्ट बदलायला परमिट लागतं का, तेही नगरपालिकेत विचारा. कॅलिफोर्नियात एसी किंवा फर्नेस बदलली तर सहसा डक्टच्या गळतीची चाचणी सक्तीची आहे. करारात २५ पास्कलवरची चाचणी कामाआधी एकदा आणि कामानंतर एकदा, असं स्पष्ट लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता दुसऱ्या चाचणीचा कागद हातात आल्यावरच द्या.